रोज एक बादली

चाळिशीही न गाठलेल्या बाईनं आठवणी लिहायला घेतल्या की लोक हसतात, हे मला माहीत आहे. हसू द्या. हे एक प्रकरण तरी मला आता लिहायचं आहे, कारण त्यातली दोन माणसं सोडली तर ते नीट सांगू शकणारं माझ्याशिवाय कुणी उरलेलं नाही. त्या उन्हाळ्याकडे जायचं तर आधी आमच्या घरात यावं लागेल. जे घडलं ते त्याच घरातून बाहेर पडलं होतं.

घर म्हणजे बार्शी-तुळजापूरकडच्या वाशीतल्या बाजारामागच्या गल्लीतला छापखाना. पुढच्या खोलीत पायानं चालवायचं ट्रेडल मशीन आणि मागच्या दोन खोल्यांत आम्ही तिघं, आप्पा, आई आणि मी. लग्नपत्रिका आणि पावतीपुस्तकांवर घर चालायचं आणि पत्रकांवर आप्पा चालायचे. रोजगार हमीची मजुरी थकली, काढा पत्रक. कुणा बुवानं लिंबात टाचण्या टोचून अख्खी गल्ली घाबरवली, काढा पत्रक. उरलेल्या प्रती डब्यांखाली, फडताळात, भाकरीच्या टोपल्याच्या तळाशी जायच्या. मी वाचायला शिकले ते या पत्रकांवर, आणि त्याआधी छपाईच्या शिशाच्या खिळ्यांवर, त्यामुळे अक्षरं मला आधी उलटी ओळखू आली आणि मग सुलटी. माझं नाव क्रांती ठेवलं होतं. आईला ते नाव घेऊन हाक मारायला अवघड जायचं. ती मला माई म्हणायची, आणि तिच्यामागून तिचा भाऊही.

दिवसभर मशीनची खटक-धप्प चालू असायची. आई त्या ठेक्यावर भाकरी थापायची. मशीन थांबलं की तिचा हातही थांबायचा आणि ती आतूनच विचारायची, "कागुद संपला का शाई?" सकाळी हुलग्याचं माडगं, दुपारी ज्वारीची भाकरी, शेंगाची चटणी, एखादा कांदा. जेवणात नेहमी थोडा रॉकेलचा वास असायचा, कारण खिळे धुऊन आप्पा हात कितीही घासोत, तो वास जायचा नाही. आप्पांचा एकच नियम होता, पत्रकाखाली नाव पाहिजे. एकदा एका पुढाऱ्याचा माणूस विरोधकाविरुद्ध निनावी पत्रक छापून घ्यायला आला होता. आप्पांनी त्याला चहा पाजला आणि सांगितलं, "नाव द्यायची लाज वाटत असेल तर भिंतीवर कोळशानं लिही बाबा. माझ्या मशीनवर यायचं नाही."

आईचा भाऊ, हरीमामा, आमच्या शेजारच्याच गाळ्यात बसायचा. आईचं माहेर तेरखेड्याचं. फटाक्यांच्या गावात वाढलेल्या माणसाचे हात वेगळे असतात. मामा लहानपणापासून दारूकामाच्या शेडमध्ये राबला होता. आत जाताना चपला बाहेर, अंगठी बाहेर, आणि कशालाही हात लावण्याआधी, अंगातली ठिणगी मातीत जावी म्हणून, तळहात भुईला टेकवायचा. पुढं तो वाशीला आला, रेडिओ शिकला, जळालेल्या मोटारींची तार नव्यानं भरायला शिकला, आणि कॉम्प्युटर तालुक्यात आले तसा तेही शिकला. पण तेरखेड्याची शेड त्याच्या अंगातून गेली नाही. कुठलाही कॉम्प्युटर बसवायचा किंवा उघडायचा असला की तो आधी तांब्याची अंगठी आणि घड्याळ काढून खिशात टाकायचा. टॉवेलानं हात कोरडे करायचा. रबरी तळव्याचे बूट घालायचा. मग बोर्डाजवळ जाऊन पिशवीतून शंभरचा बल्ब काढायचा, होल्डरला दोन वायरी लावलेला. एक वायर विजेला आणि दुसरी अर्थिंगला लावून बल्ब लख्ख पेटला तरच पुढचं काम. त्यानंतर कॅबिनेटला टेस्टर, आणि टेस्टरनंतरही पहिल्यांदा हात लावायचा तो उलटा, बोटांच्या पाठीनं. "सुलटा हात लावला आन् करंट असला, तर हात मूठ वळतो, सोडत न्हाय," तो सांगायचा. "उलटा हात झटका बसला की आपसूक मागं येतो."

हे सगळं होईपर्यंत गिऱ्हाईक कंटाळून जायचं. पतसंस्थेतला एक कारकून त्याला दर वेळी डिवचायचा, "मामा, मशीन उघडायचंय का नवरी बघायला आलाय?" मामा मान वर न करता म्हणायचा, "नवरीनं न्हाय म्हनलं तर माणूस घरी परत जातंय साहेब. हिनं न्हाय म्हनलं तर न्हाय जात." मीही हसायचे. मला वाटायचं, मामा जुन्या भीतीतला माणूस आहे. भीती बुवाची असो की विजेची, ती भीतीच. सतराव्या वर्षी मला असं पुष्कळ काही कळत होतं.

वाशीपासून बसनं अर्ध्या तासावर एक गाव आहे, त्याचं नाव मी लिहीत नाही. तिथल्या शाळेला दहा कॉम्प्युटर मंजूर झाले. ठेका बाहेरगावच्या कुणाला मिळाला होता आणि बसवायचं काम त्यानं मामाकडे दिलं. मामाचं अक्षर वाईट, म्हणून तपासणीचे कागद भरायला मी सोबत गेले. पावसाळा नुकताच सरला होता. शाळा माळावर, खाली सगळा मुरूम. मामानं ठेकेदाराकडे एक स्विच मागितला होता, माणसाच्या अंगातून करंट जायला लागला की आपोआप तुटणारा. "मंजुरीत नाही," असं उत्तर आलं. मंजुरीत दहा यंत्रं होती, दहा लोखंडी टेबलं होती, उद्घाटनाची पाटी होती. तो स्विच नव्हता.

मग मामानं सगळा भरवसा अर्थिंगवर टाकला. दोन दिवस शाळेमागं खड्डा खणला. तळाशी जाड पत्रा, त्यावर कोळसा आणि खडेमीठ यांचे थर, मधून वर आलेला पाइप, पाइपाच्या तोंडाला नरसाळं. दहाही यंत्रं आणि दहाही टेबलं त्यानं वायरीनं त्या खड्ड्याला जोडली. कुठं वायर उघडी पडून वीज लोखंडात उतरलीच, तर ती माणसाची वाट न बघता या वाटेनं मातीत जाते आणि फ्यूज उडवते. पण माती ओली पाहिजे. कोरडा मुरूम वीज घेत नाही, मग ती लोखंडातच थांबून राहते. हे मला आज दोन वाक्यांत सांगता येतं. तेव्हा मामानं ते मला सांगितलं होतं आणि मी मान डोलावली होती. बल्ब लावला तो डोळे दिपतील असा पेटला. मामा म्हणाला, "लिही. शेवटची ओळ लिही. उन्हाळ्यात खड्ड्यात रोज एक बादली पाणी, जबाबदारी शाळेची." मी वळणदार अक्षरात लिहिलं. मुख्याध्यापक गुरुजींनी खाली सही केली.

पण पाणी घालणार होती ती गयाबाई. शाळेची मदतनीस, पन्नाशीची, काटक, अनवाणी. गुरुजींच्या सहीवर मामाचा भरवसा नव्हता, म्हणून त्यानं तिला खड्ड्यापाशी नेऊन स्वतः सांगितलं. ते मी ऐकलं नाही. मी तेव्हा वर्गात मुलींना माउस दाखवत होते. ऐकलं असतं तर, असं मी आता म्हणत नाही. खूप वर्षं म्हणत होते.

पुढच्या वर्षी मी बार्शीला कॉलेजात जायला लागले आणि त्याच वर्षी पाऊस गेला. फाल्गुनातच विहिरी उघड्या पडल्या. चैत्रात त्या गावाला रोज एक टँकर सुरू झाला. मामा तेव्हा तुळजापुरात होता. चैत्री पुनवेच्या यात्रेआधी लॉजवाल्यांना कॉम्प्युटर आणि कॅमेरे बसवून हवे होते, आणि तो महिनाभर तिथंच राहायला गेला होता. शाळेचा एक कीबोर्ड त्यानं दुरुस्त करून ठेवला होता, तो पोचवायला मी त्या गावाला गेले.

उतरले तेव्हा टँकर आलेला होता. घागरी, कॅन, पातेली, भांडणं. एक म्हातारी खाली सांडलेलं पाणी ओंजळीनं भरत होती, चिखलासकट. त्या गर्दीतून गयाबाई शाळेच्या वाट्याची एक बादली घेऊन निघाली. मी तिच्या मागं गेले. ती शाळेमागं गेली, पाइपापाशी थांबली. नरसाळ्याला हळदकुंकू लावलेलं होतं. तिनं चप्पल नसलेले पाय जुळवले, हात जोडले आणि ती अख्खी बादली सावकाश नरसाळ्यात ओतली.

"मावशी, हे काय?"

"मामांनी सांगितलंय, बाई. रोज एक."

"कशासाठी पण?"

"मशीन तहानलं की चावतंय म्हने." ती बादलीतला शेवटचा थेंबही झटकत होती. "मला त्यातलं काय कळतंय? पाजायचं म्हनले, म्या पाजतीया."

मशीन तहानलं की चावतं. आज मला वाटतं, विजेचं याहून खरं आणि याहून सोपं वर्णन मी कुठल्याच पुस्तकात वाचलेलं नाही. मामानं तिच्यासाठी ते शोधून काढलं होतं. पण मला त्या दिवशी दिसलं ते फक्त कुंकू, जोडलेले हात आणि मुरमात जिरलेलं पाणी. आप्पांच्या सगळ्या पत्रकांनी मला हेच ओळखायला शिकवलं होतं. आणि मामाचं म्हणाल तर, तो तेरखेड्याचा भित्रा माणूस होताच. माझ्याच अक्षरातली ती शेवटची ओळ मला आठवली नाही असं नाही. आठवली, आणि तिचीही मला चीड आली.

घरी येऊन एका बैठकीत लिहिलं. मथळा होता, "गावाच्या घशाला कोरड, खड्ड्याला रोज एक बादली!" खाली टँकर, म्हातारीची ओंजळ, नरसाळ्यावरचं कुंकू, आणि शेवटी प्रश्न: विज्ञान शिकवणाऱ्या शाळेत यंत्राला नैवेद्य कोण दाखवतंय, आणि कुणाच्या वाट्याचा? मी आजही ते पत्रक वाचलं तर म्हणेन, चांगलं लिहिलं आहे. आप्पांनी ते वाचलं, चष्मा कपाळावर सरकवला आणि विचारलं, "खाली नाव?"

"गुरुजी ओळखतात मला. मामाचं काम आहे तिथं. 'एक विद्यार्थिनी' टाका."

आप्पांनी खिळ्यांचा खण पुढं ओढला. "हरीला विचारलंस?"

"तो तुळजापूरला आहे. आणि त्याला काय विचारायचं? तो म्हणणार, लोक मेले तरी चालतील, मशीन जगलं पाहिजे."

लेकीनं लिहिलेलं पहिलं पत्रक होतं. आयुष्यात एकदाच आप्पांनी आपला नियम मोडला.

पत्रक गावात टँकरच्या रांगेत वाटलं गेलं. मी आनंदात बार्शीला परतले. मागून कळत गेलं की बाया गयाबाईला रांगेत चिडवतात, "का गं गया, तुझ्या खड्ड्याची आंघोळ झाली का?" आणि मग कळलं की पाणी घालणं बंद झालं. मला वाटलं, आपण जिंकलो. टोमण्यांचं मला थोडं वाईट वाटलं, पण लढाईत असं होतंच, असंही वाटलं.

शाळा सकाळची होती. गयाबाई मुलं यायच्या आधी खोल्या पुसून घ्यायची. कॉम्प्युटरच्या खोलीचा मुख्य स्विच चालू होता, वीज गेल्यावर लागणाऱ्या बॅटऱ्या भरायला म्हणून तो नेहमीच चालू असायचा. शेवटच्या टेबलामागं उंदरानं वायर कुरतडली होती आणि वायरीचं उघडं तांबं टेबलाच्या पायाला टेकलं होतं. तिनं आधी फरशी पुसली, धुण्याचं उरलेलं पाणी वापरून. मग ओल्या फरशीवर अनवाणी उभी राहून ओल्या फडक्यानं टेबल पुसायला घेतलं. फ्यूज उडाला नाही. ती द्यायची ती पहिली घंटा झाली नाही म्हणून गुरुजी बघायला गेले.

त्या दिवशी मी वाशीतच होते. दुधाच्या टेम्पोवाल्यानं गयाबाई गेल्याची बातमी आणली. दुपारपर्यंत मामा तुळजापूरहून आला, घरात न शिरता पिशवी घेऊन तसाच निघाला, आणि मी न विचारता त्याच्या मागून बसमध्ये चढले.

शाळेत त्यानं सगळं नेहमीसारखं केलं. अंगठी काढली, हात पुसले, बूट घातले. गावातली माणसं दारात उभी होती. मुख्य स्विच बंद करून त्यानं कुरतडलेली वायर काढून घेतली, मग स्विच लावून बल्ब जोडला. बल्बची तार नुसती तांबूस झाली, विझत आलेल्या विडीसारखी. मामा शाळेमागं गेला. नरसाळ्यात कोळ्यानं जाळं केलं होतं. तो उकिडवा बसला आणि त्यानं तळहात भुईला टेकवला, बराच वेळ.

"गुरुजी, पाणी?" त्यानं विचारलं.

गुरुजींनी टेबलाच्या खणातून माझं पत्रक आणून दिलं. मामा ओळीखाली बोट धरून वाचायचा. तो सगळं वाचेपर्यंत मी त्याच्या समोर उभी होते. आप्पांच्या खिळ्यांची छपाई तालुक्यात कुणालाही ओळखू येते, आणि माझी भाषा तर त्यानं लहानपणापासून ऐकली होती. त्यानं कागदाची घडी केली आणि अंगठी ठेवली होती त्याच खिशात घातली.

रात्री आम्ही शाळेतच थांबलो आणि दुसऱ्या दिवशी चौकशीला साहेब आले. मामाकडे तपासणीच्या कागदाची प्रत होती, गुरुजींच्या सहीची. ती त्यानं काढली नाही. ती काढली असती तर पुढचा प्रश्न पाणी का थांबलं हाच होता. "पाण्याचं म्या नीट समजावून सांगायला कमी पडलो," एवढंच तो म्हणाला, आणि साहेबांनी लिहून घेतलं. ठेकेदारानं फोनवर सांगितलं की अर्थिंग हरीभाऊचं, आमचा संबंध नाही. पेपरात मागाहून 'निकृष्ट अर्थिंग' असं छापून आलं. परतीच्या बसमध्ये मामा खिडकीशी बसला होता. वाशी आली तेव्हा तो पहिल्यांदा माझ्याशी बोलला. "माई, सकाळधरनं काय खाल्लंस का न्हाय?"

मला तो ओरडला असता तर बरं झालं असतं. आई ओरडली. तिनं आयुष्यात पहिल्यांदा मशीन चालू असताना पुढच्या खोलीत येऊन आप्पांना विचारलं, "तुमचं ते नावाचं काय झालं ह्या येळंला?" आप्पांनी मशीन थांबवलं. त्या दिवशी मशीन पुन्हा लागलं नाही. भाकरी कुणी थापली मला आठवत नाही.

मी दुसरं पत्रक लिहायला घेतलं. या वेळी मथळ्यात उद्गारचिन्ह नव्हतं. अर्थिंग म्हणजे काय, पाणी का घालायचं, मामानं काय सांगितलं होतं, मी ते कसं चेष्टेवारी नेलं, सगळं लिहिलं. खाली पूर्ण नाव, वडिलांचं नाव, गल्ली. मामाला कळलं तसा तो आला आणि दारातच म्हणाला, "नगं छापू."

"का?"

"तुला शिकायचंय, नोकरी लागायचीय. माझं काय, झालं ते झालं."

"तुझी चूक नाही मामा."

"तुझी तरी कुठं हाय? उंदराची हाय." त्याला हसायचं होतं, ते त्याला जमलं नाही. "माई, आता मानसं मला बोलावत न्हाईत. उद्या तुला बी बोलवायची न्हाईत. एकानं घरी बसलेलं पुरं हाय."

मी छापलं. आप्पांनी एकट्यानं खिळे जुळवले, मला हात लावू दिला नाही.

मामाचं काय झालं ते इथंच सांगून टाकते. पत्रकाचा त्याला काही उपयोग झाला नाही. चौकशीच्या कागदांत ते कुणी लावून घेतलं नाही, आणि लोकांनी ज्याला दोष द्यायचा ठरवलं होतं त्यालाच तो दिला. प्रकरण पुढं हळूहळू थंड झालं, कुणाला शिक्षा झाली नाही, पण मामाला कुठल्या शाळेनं पुन्हा बोलावलं नाही. तो तुळजापुरात एका दुकानात वायरी आणि होल्डर विकतो. मी गेले की चहा मागवतो. माझ्या घरातला स्विचबोर्ड मात्र त्यानं स्वतः येऊन तपासला, बल्ब लावून, आणि जिल्ह्याचं नाव बदललं तरी त्याची पिशवी तीच आहे.

छापलेली पत्रकं वाटण्याआधी मी ती पिशवीत घालून गयाबाईच्या घरी गेले. तिची मुलगी रुक्मिण माझ्याच वयाची, दहावी झालेली. घरी कुलूप होतं. शेजारणीनं सांगितलं, "भट्टीवर गेलीया." त्या भागात दूध आटवून खवा करणाऱ्या भट्ट्या गावोगाव आहेत. आईचे दिवस होऊन आठवडाही झाला नव्हता आणि रुक्मिण एका मोठ्या कढईसमोर उभी राहून उलथनं फिरवत होती. धूर, करपट गोड वास, आणि लोखंडावर लोखंड घासल्याचा न थांबणारा आवाज. तिनं मला ओळखलं.

"बसा. हात सोडता येत न्हाय, खालून लागतंय."

मी एका पालथ्या डब्यावर बसले. मग म्हटलं, "रुक्मिण, ते पहिलं पत्रक मी लिहिलं होतं."

"म्हायती हाय."

"हे दुसरं आणलंय. तू वाचल्याशिवाय वाटणार नाही."

"हात कुठं मोकळा हाय माझा? तुमीच वाचा."

मी वाचलं. मोठ्यानं, धुरात डोळे चोळत. मामाचं सांगणं आलं, माझी चूक आली, तेव्हाही उलथनं फिरत राहिलं. मग ते वाक्य आलं: "माझ्या पत्रकामुळे झालेल्या टोमण्यांना भिऊन आणि अज्ञानापोटी त्या बिचाऱ्या बाईनं पाणी घालणं थांबवलं."

"थांबा," रुक्मिण म्हणाली. "हे कुणी सांगितलं तुमाला?"

"काय?"

"भिऊन थांबली म्हून."

"बाया चिडवत होत्या ना रांगेत."

"आमची आई बायांना भिती व्हय?" तिनं पहिल्यांदा माझ्याकडे बघितलं. "तिला चिडवलं तर ती चार शब्द जास्ती देऊन यायची. तिला वाचाया येत न्हवतं. तुमचं पत्रक तिनं माझ्याकडनं वाचून घेतलं. एकदा वाचलं, म्हनली परत वाच. त्या म्हातारीच्या वंजळीचं तर तीनदा वाचाया लावलं."

दूध आता घट्ट होत आलं होतं. ती दोन्ही हातांनी उलथनं ढकलत होती.

"मग म्हनली, बरोबर लिव्हलंय पोरीनं. शाळंतली लेकरं वाळल्या नरड्यानं घरी जात्यात, आन् म्या मातीला पाजतीया. म्या म्हनलं, अगं पर मामांनी सांगितलंय. म्हनली, मामांना मशीन दिसतंय, ह्या पोरीला लेकरं दिसत्यात. दुसऱ्या दिवसापासनं ती बादली तिनं शाळंच्या रांजनात वतली. रोज. लेकरांनी पिली बी." तिनं बाहीनं तोंड पुसलं. "तिला पटलं व्हतं तुमचं. बिचारी लिहू नगा. अज्ञान बी लिहू नगा."

पत्रक कशासाठी असतं, हे मला कुणी विचारलं असतं तर मी झटकन सांगितलं असतं: वाचणाऱ्याला पटावं आणि त्यानं तसं वागावं, यासाठी. आमच्या घरात इतकी वर्षं इतकी पत्रकं छापली गेली. कुणाला किती पटलं हे आम्हाला कधी कळायचं नाही. एका बाईला माझं पूर्ण पटलं होतं.

"मग काय लिहू?" मी विचारलं.

"झालं ते लिव्हा. पटलं म्हून थांबली, म्हून लिव्हा."

"पाचशे छापलेत."

"मग पाचशेवर लिव्हा. का परत छापायला कागुद हाय?"

कागद नव्हता. मी पिशवीतून गठ्ठा काढून मांडीवर घेतला आणि पेनानं त्या ओळीतले शब्द खोडून वर लिहायला लागले. माझ्या पत्रकामुळे झालेल्या टोमण्यांना भिऊन आणि, खोडलं. अज्ञानापोटी, खोडलं. बिचाऱ्या, खोडलं. वर लिहिलं, "माझं म्हणणं पटल्यामुळे." मग दुसरी प्रत. मग तिसरी. रुक्मिणनं एक कढई उतरवली, खवा परातीत काढला, दुसरं दूध ओतलं आणि पुन्हा उलथनं हातात घेतलं. धुरानं डोळ्यांतून पाणी येत होतं, म्हणून अक्षर वाकडं होत होतं, पण वाचता येत होतं. बऱ्याच वेळानं तिनं मागं न वळता विचारलं,

"किती झाले?"

"साठ-सत्तर."

"हं," ती म्हणाली. "लिव्हा."